यूटाला निघालेल्या संशोधक मुलीस

सप्रेम आशीर्वाद.

अमेरिकेत, यूटातल्या मॉर्मन स्त्रियांच्या मुलाखती घेण्याचा तुझा प्रस्ताव वाचला, सोबतची लांबलचक प्रश्नावलीही वाचली. प्रस्ताव नेटका आहे. प्रश्नावली मात्र बाजूला ठेवून दे. पहिलाच प्रश्न ‘तुमच्या धर्मात स्त्रियांना दुय्यम स्थान आहे असं तुम्हाला वाटतं का?’ असा असेल, तर समोरच्या बाईचं उत्तर तयारच असतं. कॉलेजात, ऑफिसात, विमानात शेजारच्या सीटवरून, सगळीकडून तिला हेच विचारलेलं असतं. ती हसून म्हणेल, ‘अजिबात नाही, उलट खूप मान आहे.’ चर्च सोडलेली असेल तर म्हणेल, ‘हो, म्हणून तर सोडलं.’ दोन्ही उत्तरं प्रामाणिक असतात, पण त्यांवर प्रबंध उभा राहत नाही.

मत विचारू नकोस, काम विचार. कोणती जबाबदारी मिळाली, कुणी दिली, कुणी काढून घेतली, पैशाला सही कुणाची लागायची, बैठकीत कोण कुठे बसायचं. तुझ्या शीर्षकातले श्रद्धा, स्त्रीवाद आणि समाज हे तिन्ही शब्द त्या तपशिलातून आपसूक वर येतात. वरून विचारलेस तर फक्त घोषणा हाती लागतील.

आधी नावाचा घोळ मिटवून घे. चर्चचं पूर्ण नाव ‘द चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्स’. २०१८ च्या ऑगस्टमध्ये तेव्हाचे अध्यक्ष रसेल नेल्सन यांनी ‘मॉर्मन’ हे टोपणनाव टाळा असं सांगितलं, आणि त्याच वर्षी जगप्रसिद्ध मॉर्मन टॅबर्नॅकल कॉयरचंही नाव बदललं. तेव्हापासून कोण ‘मी मॉर्मन’ म्हणते, कोण ‘लॅटर-डे सेंट्स’ची आद्याक्षरं घेऊन ‘एलडीएस’ म्हणते, कोण ‘चर्चची सदस्य’ म्हणते, यावरून थोडा अंदाज येतो. मॉर्मन फेमिनिस्ट म्हणवणाऱ्या बऱ्याच जणींनी तो शब्द सोडलेला नाही. ‘तुमचा उल्लेख कसा करू?’ एवढं सुरुवातीला विचार आणि ती सांगेल तो शब्द शेवटपर्यंत पाळ. मिसूरीतल्या इंडिपेंडन्सची ‘कम्युनिटी ऑफ क्राइस्ट’ ही त्याच मुळातून निघालेली वेगळी शाखा आहे. ती १९८५ पासून स्त्रियांना पौरोहित्याची दीक्षा देते आणि २०२५ मध्ये तिच्या अध्यक्षपदी स्टॅसी क्रॅम आल्या. अनेक बायका करणारे फंडामेंटलिस्ट गट तिसरेच. मुख्य चर्चने १८९० च्या जाहीरनाम्याने ती प्रथा थांबवली, १९०४ मध्ये पुन्हा बजावलं, आणि आज कुणी तसं लग्न केलं तर त्याचं सदस्यत्व जातं. पुण्यातल्या नातेवाइकांना हा फरक समजावत बसू नकोस, पण टिपणांत तो पुसट होऊ देऊ नकोस.

पहिले काही आठवडे रेकॉर्डर घरीच ठेव आणि रविवारी नुसती जाऊन बस. कुणालाही जाता येतं. फक्त ज्या वॉर्डात जायचं तिथल्या बिशपला आणि रिलीफ सोसायटीच्या, म्हणजे चर्चमधल्या स्त्रियांच्या संघटनेच्या, अध्यक्षेला आधी कळव की तू अभ्यासासाठी आली आहेस. ते लपवलंस आणि नंतर कळलं, तर तो वॉर्ड तुझ्यासाठी बंद. वॉर्ड म्हणजे भौगोलिक हद्दीने आखलेली मंडळी, साधारण काहीशे माणसांची. असे पाच-दहा वॉर्ड मिळून स्टेक. बिशप हा वॉर्डाचा प्रमुख, पण पगारी धर्मगुरू नव्हे. तो दंतवैद्य असेल, गाड्यांचा विक्रेता असेल. चार-पाच वर्षं हे काम करतो आणि मग पुन्हा मागच्या बाकावर जाऊन बसतो.

२०१९ पासून रविवारचा कार्यक्रम तीन तासांवरून दोन तासांचा झाला आहे. पहिला तास सगळ्यांची सॅक्रमेंट मीटिंग, मग थोडी मोकळी वेळ, मग वर्ग. रिलीफ सोसायटीचा वर्ग कोणत्या रविवारी कधी असतो ते आधी विचारून घे, कारण वेळापत्रक बदलत असतं. पहिल्या तासात पाव आणि पाणी यांचे ट्रे रांगेतून फिरतात. तू काही घ्यायचं नाही. ट्रे शांतपणे शेजारणीकडे सरकवायचा. पण तो ट्रे घेऊन फिरतं कोण, ते नीट बघ. बारा-तेरा वर्षांचे मुलगे असतात, गळ्यात किंचित वाकडा टाय. मुलग्यांना बाराव्या वर्षाच्या आसपास प्रीस्टहुडची, म्हणजे पौरोहित्याची, पहिली पायरी मिळते. त्यांची चाळिशीतली आई, जी कदाचित शस्त्रक्रिया करणारी डॉक्टर असेल, बाकावर बसून मुलाच्या हातून पाव घेते. याकडे कुणी मुलाला लागलेलं वळण म्हणून कौतुकाने पाहते, कुणाच्या पोटात दर रविवारी काहीतरी हलतं, आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असतात. ‘तुमचा मुलगा पहिल्यांदा ट्रे घेऊन आला तो रविवार सांगा’ हा प्रश्न तुझ्या मूळ प्रश्नावलीपेक्षा भारी आहे.

समोरच्या व्यासपीठाकडेही लक्ष दे. बिशप आणि त्याचे दोन सहायक तिथे तोंड मंडळीकडे करून बसतात. रिलीफ सोसायटीची अध्यक्ष बहुतेक ठिकाणी खाली, आपल्या मुलांबरोबर. कॅलिफोर्नियाच्या बे एरियातल्या काही वॉर्डांत स्त्री-नेत्यांना वर बसवायची पद्धत पडली होती. २०२३ मध्ये वरून ती बंद करायला सांगण्यात आलं, आणि एका खुर्चीवरून उठलेली चर्चा महिनोन् महिने चालली. बाहेरच्याला हे क्षुल्लक वाटेल. आपल्याकडे लग्नाच्या पंगतीत कुणाचं पान कुठे मांडलं यावरून किती वर्षं अबोला राहतो, ते आठव म्हणजे वाटणार नाही.

आता रिलीफ सोसायटी. तुझ्या कामाचा गाभा हाच आहे, म्हणून इथे थांबून सांगते. अठरा वर्षांवरची प्रत्येक सदस्य स्त्री आपोआप तिची सभासद असते. वॉर्डातल्या अध्यक्षेला बिशप नेमतो. पुरुषांच्या एल्डर्स कोरमचा अध्यक्ष मात्र स्टेकच्या अध्यक्षाकडून नेमला जातो. हा फरक लिहून ठेव, कारण फार थोड्या जणी आपणहून सांगतील. अध्यक्षा आपल्या दोन सहायकांची आणि सेक्रेटरीची नावं सुचवते, पण बोलावणं बिशपकडून जातं. नेमणुकीला ‘कॉलिंग’ म्हणतात. तिच्यासाठी अर्ज करत नाहीत आणि सहसा नाहीही म्हणत नाहीत. सभेत नाव वाचलं जातं आणि सगळे उजवा हात वर करून संमती देतात. एक दिवस तसंच नाव वाचून ‘रिलीज’ केलं जातं.

प्रत्येक मुलाखतीत आयुष्यातल्या कॉलिंगची यादी क्रमाने काढ. लहान मुलांच्या प्रायमरीत शिकवलं, मग मुलींच्या यंग विमेनमध्ये, मग पियानो, मग रिलीफ सोसायटी. प्रत्येक कॉलिंगबद्दल चार गोष्टी विचार: कुणी बोलावलं, घरात काय चाललं होतं तेव्हा, कामात पैसा किती नि तो कुणाच्या हातात, आणि रिलीज कसं कळलं. शेवटच्या प्रश्नावर बायका गप्प होतात. त्या गप्पपणात बोलायची घाई करू नकोस. मनातल्या मनात दहापर्यंत मोज. तरुण संशोधक इथेच घसरतात: शांतता सहन होत नाही म्हणून पुढचा प्रश्न टाकतात आणि येऊ घातलेलं वाक्य कायमचं जातं.

कामाचा एक नमुना जवळून बघ. एखाद्या घरात नोकरी गेली, फ्रिज रिकामा आहे. मदतीचा निर्णय बिशपचा. पण घरी जाऊन, कपाटं उघडून, मुलं किती, कुणाला दूध चालत नाही, डायपर कोणत्या मापाचे, हे विचारून सामानाची यादी करायचं काम परंपरेने रिलीफ सोसायटीच्या अध्यक्षेकडे. तिने भरलेल्या ऑर्डरला बिशपची मंजुरी मिळाली की ते कुटुंब ‘बिशप्स स्टोअरहाउस’मधून पीठ, कॅन, मांस, साबण घेऊन येतं. तिथे गल्ला नाही, पैसे लागत नाहीत. हा साठा कुठून येतो? दर महिन्याला, बहुधा पहिल्या रविवारी, सदस्य दोन जेवणं सोडतात आणि त्यांची किंमत ‘फास्ट ऑफरिंग’ म्हणून देतात. उत्पन्नाच्या दहाव्या हिश्श्याचा टाइथ वेगळा. या एका ऑर्डरमध्ये सगळी रचना दिसते. घराची खबर बाईला, मंजुरी पुरुषाची. एखाद्या वॉर्डात अध्यक्षेने लिहिलेलं बिशप डोळे मिटून मान्य करतो. दुसऱ्या वॉर्डात प्रत्येक ओळीवर विचारतो. त्यामुळे ‘इथे स्त्रियांना अधिकार आहे का’ याचं उत्तर वॉर्डागणिक आणि बिशपागणिक बदलतं. अनेक जणी ज्याला ‘बिशप रूले’ म्हणतात ते हेच: चाक फिरेल तसा बिशप मिळणार. ती संज्ञा तू आधी काढू नकोस. त्यांनी काढली तर पुढे विचार.

आता इतिहास. मुलाखतीला बसण्याआधी तो पाठ हवा. रिलीफ सोसायटी १७ मार्च १८४२ रोजी इलिनॉयमधल्या नॉवू गावात, चर्चचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांच्या लाल विटांच्या दुकानाच्या माडीवर स्थापन झाली. त्यांच्या पत्नी एमा स्मिथ अध्यक्ष, एलायझा स्नो सचिव. एलायझाच्या हातची इतिवृत्ताची वही टिकून आहे आणि तिची पानं जोसेफ स्मिथ पेपर्सच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. २८ एप्रिल १८४२ चं पान काढ. जोसेफ स्मिथ यांचे शब्द तिने टिपले आहेत, अर्थ असा की ‘मी आता किल्ली तुमच्याकडे फिरवतो’. पुढे चर्चचा छापील इतिहास तयार झाला तेव्हा तिथे ‘तुमच्या वतीने’ किल्ली फिरवतो असं झालं. किल्ली म्हणजे या परंपरेत अधिकार. संस्था स्वतंत्र अधिकाराची की कुणाच्या तरी हाताखालची, हा पुढच्या पावणेदोनशे वर्षांचा वाद त्या एका दुरुस्तीत आहे. म्हणून नियम: छापील पुस्तकातलं अवतरण मूळ वहीशी ताडल्याशिवाय प्रबंधात घ्यायचं नाही. आणि उलट बाजूही तितकीच कडक: एका वाक्यावरून ‘स्त्रियांना पौरोहित्य दिलंच होतं’ असा निष्कर्षही काढायचा नाही. तेव्हाच्या आणि नंतरच्या स्त्रिया आजाऱ्यांवर हात ठेवून प्रार्थना करत, हे पुराव्याने सिद्ध आहे. विसाव्या शतकात ते हळूहळू आक्रसलं आणि १९४६ च्या एका पत्राने जवळपास थांबलं. एवढंच लिही.

यूटात १२ फेब्रुवारी १८७० ला स्त्रियांना मताधिकार मिळाला आणि दोनच दिवसांनी, सॉल्ट लेक सिटीच्या नगरपालिका निवडणुकीत, सेराफ यंग नावाच्या तरुण शिक्षिकेने मत दिलं. वायोमिंगचा कायदा थोडा आधीचा, पण मतदान यूटात आधी झालं. १८७२ पासून ‘वुमन्स एक्स्पोनंट’ हे बायकांनी चालवलेलं वृत्तपत्र निघालं. १९१४ पर्यंत चाललं आणि त्यातली बहुतेक वर्षं संपादक होत्या एमलिन वेल्स. मताधिकार मागणाऱ्या या बायकांपैकी कितीतरी जणी बहुपत्नी घरातल्या होत्या आणि त्या घराचं त्या जाहीरपणे समर्थन करत होत्या. वॉशिंग्टनने १८८७ च्या एडमंड्स-टकर कायद्याने बहुपत्नीत्वावर घाव घालताना यूटातल्या सगळ्याच बायकांचं मत काढून घेतलं. ते १८९६ मध्ये राज्य झाल्यावर परत आलं. त्याच वर्षी मार्था ह्यूज कॅनन या डॉक्टरबाई राज्य सिनेटवर निवडून आल्या, अमेरिकेतल्या पहिल्या स्त्री राज्य सिनेटर. त्याच मतपत्रिकेवर विरुद्ध पक्षाकडून त्यांचे पती होते आणि ते पडले. हा किस्सा तुला प्रत्येक जण सांगेल. तो ऐकताना हेही लक्षात ठेव की मार्था त्यांच्या चौथ्या पत्नी होत्या आणि नवऱ्याविरुद्ध साक्ष द्यायला लागू नये म्हणून तान्ह्या मुलीला घेऊन त्या इंग्लंडला जाऊन राहिल्या होत्या.

आपल्याकडचा एक धागा इथे खरोखरच जुळतो. आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या ज्या वुमन्स मेडिकल कॉलेजातून डॉक्टर झाल्या, तिथूनच रोमेनिया प्रॅट १८७७ मध्ये आणि एलिस शिप १८७८ मध्ये बाहेर पडल्या होत्या, दोघी यूटाच्या. एलिस शिप घरची मुलं सवतींवर सोपवून शिकायला गेल्या. परत येऊन त्यांनी सुईणी आणि परिचारिका तयार करणारी शाळा काढली. सवत म्हटल्यावर मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे जे येतं ते बाजूला ठेवून त्यांची डायरी वाच. तिथे आधार आहे, मत्सर आहे, पैशांची ओढाताण आहे आणि नवऱ्याच्या पत्राची वाट पाहणंही आहे. स्त्रीमुक्ती किंवा गुलामी यांपैकी एक चिठ्ठी चिकटवलीस तर त्या डायरीतलं निम्मं वाया जाईल.

पुढचं वळण १९७० चं. तोपर्यंत रिलीफ सोसायटीची स्वतःची वर्गणी होती, स्वतःचा निधी, स्वतःचं मासिक, स्वतः ठरवलेले पाठ. १८७६ पासून बायकांनी साठवलेल्या गव्हाची कोठारं होती. पहिल्या महायुद्धात, १९१८ मध्ये, त्यातला दोन लाख बुशेलांहून जास्त गहू अमेरिकन सरकारने विकत घेतला. १९७० मध्ये निधी बिशपांकडे गेला, वर्गणी बंद झाली, मासिक बंद झालं. ही रचना चर्चभर एकसूत्रता आणण्यासाठी होती, ‘कोरिलेशन’ म्हणतात तिला, आणि बऱ्याच बायकांना घरोघर वर्गणी गोळा करण्यातून सुटका झाल्याचं समाधानही होतं. सत्तरी-ऐंशीतल्या आज्या तुला भेटतील. त्यांना विचार: गावातल्या रिलीफ सोसायटीचा हॉल कुठे होता, बाजार भरवून किती जमायचे, ते पैसे कशाला वापरले. हे सांगणारी पिढी झपाट्याने कमी होतेय. तुझ्या यादीत वयाने सर्वांत मोठ्या बाईपासून सुरुवात कर.

१९७० च्या दशकातच बॉस्टनच्या परिसरात काही जणींना हार्वर्डच्या ग्रंथालयात जुन्या एक्स्पोनंटचे खंड सापडले. आपल्या पणज्या असं लिहायच्या हे त्यांना माहीतच नव्हतं. १९७४ मध्ये त्यांनी ‘एक्स्पोनंट टू’ काढलं. क्लॉडिया बुशमन पहिल्या संपादक आणि पुढे पुलित्झर मिळवणाऱ्या इतिहासकार लॉरेल थॅचर अल्रिच त्यात होत्या. मुलंबाळं सांभाळत, जेवणाच्या टेबलावर पानं जुळवत चाललेलं ते काम होतं.

दुसऱ्या बाजूला समान हक्क घटनादुरुस्तीचा, ईआरएचा, संघर्ष. १९७६ मध्ये चर्चच्या सर्वोच्च मंडळाने तिला जाहीर विरोध केला. जून १९७७ मध्ये सॉल्ट लेक सिटीत आंतरराष्ट्रीय महिला वर्षाची राज्य परिषद होती. आयोजकांनी दोन-तीन हजारांची तयारी केलेली. प्रत्येक वॉर्डातून दहा बायका पाठवा असा निरोप फिरला आणि तेरा हजारांवर बायका आल्या. ईआरएच्या बाजूचे ठराव त्यांनी पाडले. तू दोन्हीकडच्या बायका गाठ. एकीला तो दिवस आपली ताकद कळली म्हणून आठवतो, दुसरीला आपल्याच शेजारणींनी हुर्यो केली म्हणून. निरोप पोचवणारी यंत्रणा मात्र तीच, जी बाळंतिणीच्या घरी जेवणाचा डबा पोचवते. १९७९ च्या डिसेंबरमध्ये ईआरएसाठी उभ्या राहिलेल्या सोनिया जॉन्सन यांना चर्चमधून काढलं. १९९३ च्या सप्टेंबरमध्ये सहा जणांवर कारवाई झाली, त्यात लॅविना फील्डिंग अँडरसन आणि मॅक्सीन हँक्स या स्त्रीवादी लेखिका होत्या. अँडरसन त्यानंतरही वर्षानुवर्षं आपल्या वॉर्डात रविवारी जाऊन बसत राहिल्या. हँक्स २०१२ मध्ये पुन्हा बाप्तिस्मा घेऊन परत आल्या. ‘सोडलं’ आणि ‘राहिली’ असे दोनच रकाने करणाऱ्यांनी या दोघींकडे बघावं.

अलीकडचं पटकन सांगते. २०१२ मध्ये मिशनवर, म्हणजे धर्मप्रसाराला, जायचं मुलींचं किमान वय २१ वरून १९ झालं आणि मुलींची रीघ लागली. त्याच डिसेंबरात बायकांनी स्कर्टऐवजी पँट घालून चर्चला जायचा रविवार झाला. २०१३ च्या एप्रिलमध्ये जनरल कॉन्फरन्समध्ये, म्हणजे चर्चच्या सहामाही महासभेत, पहिल्यांदा एका बाईने प्रार्थना म्हटली. त्याच वर्षी स्त्रियांसाठी दीक्षा मागणारी ‘ऑर्डेन विमेन’ संघटना उभी राहिली आणि २०१४ च्या जूनमध्ये तिच्या संस्थापक केट केली यांना काढलं. २०१४ च्या एप्रिलमध्येच चर्चचे ज्येष्ठ नेते डॅलिन ओक्स यांनी सांगितलं होतं की स्त्रिया आपलं कॉलिंग पार पाडताना प्रीस्टहुडच्याच अधिकाराने काम करतात. २०१९ पासून बाप्तिस्म्याला आणि सीलिंगला, म्हणजे पती-पत्नीला अनंतकाळासाठी जोडणाऱ्या विधीला, स्त्रिया साक्षीदार राहू शकतात. आता एक आकडा नीट वाच: प्यू या संशोधन संस्थेच्या २०११ च्या अमेरिकेतल्या मॉर्मनांच्या सर्वेक्षणात स्त्रियांना दीक्षा देऊ नये असं म्हणणाऱ्यांत पुरुष ८४ टक्के आणि स्त्रिया ९० टक्के. ‘यांच्यावर संस्कारच तसे’ म्हणून हा आकडा झटकणं हा आळस आहे. दीक्षा नको म्हणणारीच बाई बजेटमध्ये वाटा हवा म्हणते, मुलींनाही मुलग्यांइतका खर्च हवा म्हणते, बिशपच्या खोलीत किशोरवयीन मुलगी एकटी नको म्हणते. मागणी काय आहे ते तिच्याच शब्दांत घे.

काही विषयांना स्वतःहून हात लावायचा नाही. मंदिराच्या आतले विधी आणि अंगातली पवित्र वस्त्रं यांविषयी विचारू नकोस. ‘हेवनली मदर’, म्हणजे स्वर्गीय माता, ही मात्र अधिकृत शिकवण आहे. एलायझा स्नो यांच्या १८४५ मध्ये छापलेल्या कवितेत ती आहे, तिचं भजन आजही गातात, आणि २०१५ मध्ये चर्चने तिच्यावर निबंध प्रसिद्ध केला. तिची प्रार्थना करायची नाही असंही सांगितलेलं आहे. या विषयावर काही जणी डोळ्यांत पाणी आणून बोलतात, काही पटकन थांबतात. मागे लागू नकोस. सीलिंगचा नियमही असाच हळवा: बायको वारली तर पुरुष दुसरीशीही अनंतकाळासाठी जोडला जाऊ शकतो, विधवेला मात्र पहिलं सीलिंग रद्द करून घेतल्याशिवाय हयातीत दुसऱ्या नवऱ्याशी तसं जोडून घेता येत नाही. तरुण विधवेसमोर हा प्रश्न तू काढायचा नाही.

धोक्याचं गणित आता. जाहीर बोलण्याने एखादीचं टेम्पल रेकमेंड, म्हणजे मंदिरात जायचा परवाना, अडकू शकतो. परवाना नाही तर स्वतःच्या लेकीच्या मंदिरातल्या लग्नालाही आत जाता येत नाही. ब्रिगहॅम यंग विद्यापीठातल्या नोकरीला आणि प्रवेशालाही चर्चचं शिफारसपत्र लागतं. म्हणून नुसतं नाव बदलून भागत नाही. ‘लोगनमधली, २०१६ मध्ये रिलीफ सोसायटीची अध्यक्ष असलेली, जुळ्यांची आई’ असं लिहिलंस की अख्ख्या स्टेकला ती कोण ते कळतं. गाव, वर्ष, कॉलिंग आणि कुटुंबाचा तपशील या चारांपैकी दोनच ठेव. संमतीपत्राच्या दोन प्रती कर, एक तिच्याकडे. रेकॉर्डिंग कुठे जमा होणार, किती वर्षं बंद राहणार, हे त्यात लिहिलेलं असू दे. एका तासाच्या ध्वनिमुद्रणाच्या लिप्यंतराला चार ते सहा तास लागतात, म्हणून आठवड्यात दोनपेक्षा जास्त मुलाखती घेऊ नकोस. बैठक दीड तासाची. सोमवारची संध्याकाळ कुटुंबाची, तेव्हा फोन नको. उपवासाच्या रविवारी कुणाला जेवायला बोलावू नकोस. भेट म्हणून आपला चहा-मसाला आणि चहापत्ती अजिबात नेऊ नकोस. चहा-कॉफी त्यांना वर्ज्य आहे. चिक्की ने, बाकरवडी ने.

यूटा म्हणजे सगळं चर्च नव्हे. निम्म्याहून जास्त सदस्य अमेरिकेबाहेर आहेत. जेन मॅनिंग जेम्स या कृष्णवर्णीय बाईने मंदिरातल्या सर्वांत महत्त्वाच्या विधींसाठी वारंवार अर्ज केले. १९०८ मध्ये वारल्या तोवर ते नाकारलेच गेले, आणि तो वंशभेदाचा निर्बंध उठायला १९७८ उजाडलं. हवाईत जपानी बौद्ध घरात जन्मलेल्या चिएको ओकाझाकी १९९० मध्ये रिलीफ सोसायटीच्या सर्वोच्च मंडळात आल्या, त्या पदावरच्या पहिल्या श्वेतेतर स्त्री. आणि मुंबईचीही एक बाई या कथेत आहे. १८५२ मध्ये ह्यू फिंडले हे स्कॉटिश मिशनरी मुंबईत उतरले, पुण्यालाही गेले. त्या काळात चर्चमध्ये आलेली एलिझाबेथ झेवियर टेट १८५६ च्या विली हातगाडी तांड्याबरोबर बर्फातून यूटाला पोचली आणि सीडर सिटीत राहिली. कौटुंबिक कथांत तिच्या उच्च कुळाचं वर्णन येतं. पण झेवियर हे आडनाव वसई-गोव्याकडच्या माणसाला वेगळाच रस्ता दाखवतं. तू मराठी आहेस, मुंबईच्या चर्चांच्या नोंदवह्यांपर्यंत तुला पोचता येईल. तिकडच्या अभ्यासकांना ते अवघड. प्रबंधाबाहेरचं काम म्हणून यादीत टाकून ठेव.

सॉल्ट लेक सिटीत चर्च हिस्ट्री लायब्ररी सर्वांना खुली आहे. सोनिया जॉन्सन यांची कागदपत्रं मात्र यूटा विद्यापीठात बघ. दोन्हीकडे जा, कारण एकाच ग्रंथालयातल्या कागदांवर लिहिलेला प्रबंध त्या ग्रंथालयासारखाच दिसायला लागतो.

लिप्यंतर झालं की छापून बाईकडे पाठव आणि तीन आठवडे दे. ती काही ओळी खोडेल. सगळ्यांत चांगल्या ओळी असतील त्या, हे आत्ताच मान्य करून ठेव. खोडलेलं तुझ्या टिपणांतूनही काढ. फक्त कोणत्या विषयावरचं खोडलं एवढी नोंद ठेव, कारण पाच जणींनी एकच विषय खोडला तर ते प्रबंधात सांगता येतं, कुणाचंही वाक्य न वापरता. पहिल्या दोन लिप्यंतरांच्या प्रती, नावं काढून, मला धाड. प्रश्न कुठे लांबलेत ते समासात लिहून परत पाठवीन.

कळावे, लोभ असावा.